उद्या पाणी चढणार

संजना गायधनी सिन्नरला शाळेत होती, तेव्हा तिने एकदा गणिताच्या सरांच्या खणात बेडूक ठेवला होता. कोणी ठेवला, असं सरांनी विचारल्यावर तिने सरळ हात वर केला आणि म्हणाली, "सर, तो उभयचर आहे. त्याला कुठेही चालतं." पुढे हीच मुलगी बी.एस्सी., डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. तेव्हा तिची आई एवढंच म्हणाली, "आता कळेल."

कळायला टेकवाडीपर्यंत जावं लागलं.

टेकवाडी नाशिकच्या पश्चिमेला, एका धरणाच्या फुगवट्यात. उन्हाळ्यात ती साधी टेकडीवरची वस्ती असते. रस्ता असतो, उतारावर मिरची, टोमॅटो, झेंडू असतो. धरण भरलं की रस्ता पाण्याखाली जातो आणि दिवाळी उलटेपर्यंत वस्तीचं बेट होतं. मग संजना इंदिरानगरहून स्कूटीवर काठापर्यंत यायची आणि पुढे लहानूच्या होडीतून. तिला पोहता येत नव्हतं. लहानूला हे ठाऊक असल्यामुळे तो मधोमध आल्यावर होडी हटकून थोडी डुलवायचा आणि म्हणायचा, "घाबरू नका म्याडम, इथं पाणी फकस्त दोन माणूस हाय."

त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेईना. ऑक्टोबर निम्मा सरला तरी ढग होते, मिरच्या झाडावरच सडत होत्या. मुलं विचारत होती, असं का होतं? संजनाने ठरवलं, हवामान बदल शिकवायचा आणि तो मुळापासून, म्हणजे बर्फापासून.

सासूबाईंच्या फ्रीजमधला सगळा बर्फ तिने थर्मासमध्ये भरला. शाळेत टेबलावर दोन काचेच्या बरण्या मांडल्या. एकीत बर्फ पाण्यावर तरंगणार, तो उत्तर ध्रुवाचा. दुसरीत मोठा दगड, त्यावर बर्फ; तो अंटार्क्टिकाचा, म्हणजे जमिनीवरचा. कुठलं पाणी चढतं ते बघायचं. ती मार्कर आणायला कार्यालयात गेली आणि परत आली तर दगड कोरडा होता.

"अंटार्क्टिका कुठे गेलं?"

सगळ्यांचे गाल फुगलेले.

शेवटी भारत नावाच्या चौथीतल्या पोराने घोट गिळला. "मॅडम, मी नाय खाल्लं. अंटार्क्टिका पूजानं खाल्लं. मी फक्त उत्तर ध्रुव चाटला."

दुसऱ्या दिवशी तिने बर्फ मीठ घालून आणला. तो प्रयोग व्यवस्थित पार पडला. तरंगणारा बर्फ वितळला, पाणी होतं तिथेच राहिलं. दगडावरचा वितळला तसं पाणी मार्करच्या रेघेवर चढलं. मुलांनी डोळे मोठे केले. मग तापलेली हवा पाणी जास्त धरते आणि नको तेव्हा ओतते, तेही तिने सांगितलं. संजना खूश झाली आणि खुशीच्या भरात म्हणाली, "उद्या यावर चाचणी."

इथेच ती चुकली.

पाचवीतली दिशा हुशार होती, पण चाचणी म्हटलं की तिचं पोट दुखायचं. नेहमीच्या पोटदुखीवर मॅडमकडे आता ओव्याची डबी होती, त्यामुळे दिशाला नवीन काहीतरी शोधणं भाग होतं. घरी गेल्यावर ती आजीजवळ बसली. आजी म्हणजे भिमाबाई. तिने सांगितलेली गोष्ट वस्तीत कोणी दुसऱ्यांदा पडताळून बघत नसे.

"आज्जी, पृथ्वी तापली ना, की बर्फ वितळतो. मग पाणी चढतं. काठावरची गावं बुडतात. मॅडमनी बरणीत दाखवलं."

"कधी चढणार हाय?"

"उद्या."

त्यातला 'उद्या' एवढा एकच शब्द दिशाचा होता. बाकी सगळं शास्त्र.

सकाळी होडी काठाला लागली तेव्हा लहानू नेहमीपेक्षा जास्त हसत होता. का, ते संजनाला चढ चढून वर गेल्यावर कळलं. शाळा टेकडीच्या माथ्यावर, वस्तीतली सगळ्यात उंच जागा. व्हरांड्यात शेळ्या बांधलेल्या. कार्यालयात कोंबड्या. फळ्याला टेकून गोधड्यांची चळत, त्यावर सतरंजीत गुंडाळलेला टीव्ही. सावळीराम नावाचे म्हातारे गृहस्थ गच्चीवर बसून डिशची छत्री दोन्ही हातांनी धरून होते. आणि संजनाच्या खुर्चीत भिमाबाई.

"तुमी कशाला आल्या वो म्याडम? आज पाणी चढणार हाय!"

"कोण म्हणालं?"

"आता घ्या! तुमीच की!"

संजनाने वर्गभर नजर फिरवली. सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. दिशा तेवढी एका शेळीची पाठ मन लावून कुरवाळत होती. संजनाला सिन्नरचे गणिताचे सर आठवले, आणि त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच थोडं वाईट वाटलं. मग तिला हसू आलं. ते तिने दाबलं.

"बरं झालं सगळे आलात," ती म्हणाली. "आज चाचणीच आहे. पेपर नाही. प्रत्येक मुलाने एका मोठ्या माणसाला पाणी का चढतं ते समजावायचं. मग ते माणूस मला सांगेल. त्याला जेवढं कळलं, तेवढे मुलाला गुण. दिशा, तुझ्या वाट्याला आज्जी."

दिशाचं पोट खरोखरच दुखायला लागलं.

शाळेत एकच गलका उठला. पूजाने गच्चीवरच्या सावळीरामांना खालूनच ओरडून समजावलं. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे अर्ध्या टेकडीचा अभ्यास झाला. त्यांनी वरूनच उत्तर दिलं, "धुरानं हवा तापली! तापली हवा पाणी जास्त धरती! मग नको तवा ओतती! म्हून मिरची सडली! धरणाचं पाणी येगळं, समुद्राचं येगळं! आता मी खाली येऊ का?"

इकडे दिशा आजीसमोर उभी होती.

"आज्जी, ते समुद्राचं पाणी चढतं. आपल्या धरणाचं नाय."

"म्हंजे उद्या नाय, आज नाय?"

"नाय."

"मग तू उद्या का म्हणाली?"

"चाचणी होती."

भिमाबाईने नातीकडे असं बघितलं, की शेजारची कोंबडीसुद्धा सरकली. "बरं, समुद्र किती चढतो?"

"दरसाल एका मसुराच्या दाण्याएवढा."

"मसुराच्या दाण्यापायी मी पहाटंपासून कोंबड्या वाहिल्या?" भिमाबाई उसळली. सगळे हसले. दिशाही हसली, पण मग आत्ताच सुचल्यासारखी म्हणाली, "पण आज्जी, शंभर मसूर एकावर एक ठेवून बघ की."

भिमाबाईने मनातल्या मनात मसूर रचले. तिचा हात जमिनीपासून वर आला आणि गुडघ्याजवळ थांबला. तिचा धाकटा मुलगा संतोष मुंबईत खाडीकाठच्या चाळीत, तळमजल्यावर राहत होता. भरतीच्या पावसात त्याच्या दारात आत्ताच पाणी यायचं, हे तिला माहीत होतं. मग तिने पोलक्यातून फोन काढला.

"संतोष? वरच्या मजल्यावर खोली बघ. ... आजच नाय रे. मसुरागत चढतंय, पर चढतंय. ... मी? मी शाळंत हाय."

फोन ठेवून ती संजनाकडे वळली. "म्याडम, हिला पुरे गुण द्या. आन् सगळ्या कोंबड्या हिलाच खाली न्यायला लावा."

दोन्ही गोष्टी झाल्या. कोंबड्या नेता नेता दिशाची दुपार गेली.

तीन-चार दिवसांनी केंद्रप्रमुखांचा फोन आला. शाळेत जनावरं शिरल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"जनावरं?" संजना म्हणाली. "सर, पालकसभा होती. हवामान बदलावर."

"उपस्थिती?"

"शंभर टक्के."

त्यांच्या सगळ्या नोकरीत असा आकडा त्यांनी ऐकला नव्हता. "वा! बाकीच्या शाळांना दाखवायला फोटो पाठवा."

संजनाने त्या दिवशी काढलेल्या फोटोतल्या शेळ्या बोटाने काळजीपूर्वक कापून काढल्या आणि फोटो पाठवून दिला. उजव्या कोपऱ्यात एक कान राहिलाच. सरांनी विचारलं नाही.