तितऱ्या आणि नानांची शिट्टी

माझं शिरपुरात मेडिकलचं दुकान आहे. नजर लागली म्हणून येणाऱ्यालाही मी आधी थर्मामीटर लावतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून आजवर हसतच आलोय... आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्हीही बिनधास्त हसा.

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक बोडकी टेकडी आहे. वर चार बाभळी, बाकी सगळं गवत. पक्षी बघायचा नाद मला तिथंच लागला, आणि तो लावला आमच्या शेजारच्या नानांनी. रोज सकाळी नाना, मी आणि नानांचा कुत्रा तितऱ्या. पाठीवर तितरासारखे ठिपके, म्हणून हे नाव. दुर्बीण डोळ्याला लागली की हा गडी आपोआप खाली बसायचा. नानांचा पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे त्यांची शिट्टी शेवटी फुस्स व्हायची. पण त्या फुसक्या शिट्टीवर तितऱ्या कुठूनही धावत यायचा.

काही वर्षांपूर्वी नाना मुलाकडे सुरतला राहायला गेले. सहाव्या मजल्यावर कुत्रा कुठे ठेवणार? नानांच्या घरची रीत अशी, की जनावर दुसऱ्याला दिलं की दावं त्याच्या हातात ठेवायचं आणि त्या जनावराला पुन्हा हाक मारायची नाही. नाहीतर ते नव्या घरी रुजत नाही. नानांनी साखळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हाऊ आते तुना शे, भाऊ. मी याले परत कव्हयच शिटी नही मारसू."

पुन्हा कधीच शिट्टी न मारण्याचा हा शब्द पाळलाही त्यांनी. व्हिडिओ कॉलवर तितऱ्या दिसला की स्वतःच्या तोंडावर हात ठेवायचे. इकडे तितऱ्या कितीतरी दिवस फाटकाशी उपाशी बसला होता. मी हातानं दूध-पोळी भरवली. मग तो माझा झाला... निदान मला तसं वाटलं.

गेल्या वर्षी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. शिट्टीचा तर प्रश्नच नाही.

यंदा दिवाळीनंतरची गोष्ट. ऊन नुकतंच वर आलं होतं. बाभळीवर खाटीक पक्षी बसलेला, माझी दुर्बीण त्याच्यावर, तितऱ्या पायाशी. आणि मागून शिट्टी आली — शेवटी फुस्स होणारी. आधी वाटलं कोतवाल असेल, तो पक्षी भल्याभल्यांच्या नकला करतो. पण तितऱ्या उठला. दुर्बीण डोळ्याला असताना तो कधीच उठत नसे. अंगभर कुसळं, शेपूट हलवत उतारावरच्या खडकाकडे सुटला. मी हाका मारल्या, त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. खडकामागे गेला... आणि पलीकडून निघालाच नाही. मी धावत पोचलो तर नुसतं गवत. बोडक्या टेकडीवर कुत्रा लपणार कुठे?

दिवसभर शोधलं. गुराख्यांना विचारलं, ओहोळ पालथा घातला. विश्वासानं दिलेलं जनावर हरवलं, हे नानांना कुठल्या तोंडानं सांगायचं? संध्याकाळी धीर करून सुरतला व्हिडिओ कॉल लावला. फोन त्यांच्या सुनेनं घेतला. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "काका, ही कुसळं सुरतेत कुठून येतात हो? सकाळपासून नानांच्या चादरीतून वेचतेय."

मी म्हटलं, फोन नानांकडे धर. नाना पलंगावर पडले होते. चांगला हात पलंगाखाली सोडलेला, आणि तो सावकाश मागेपुढे होत होता, कुणाची तरी पाठ कुरवाळावी तसा. खाली मला फरशीच दिसत होती.

"नाना, तितऱ्या कुठंय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर चुकवली. हात मात्र थांबला नाही.

बिबट्यानं नेला, असं लोक म्हणतात. पण रक्ताचा थेंब नाही, ओढत नेल्याची खूण नाही. कुसळांचंही कुणी काहीतरी कारण काढेलच. मला आजवर एकही पटलेलं नाही.

भीती वाटत नाही, राग येतो — दोघांचाही. नानांनी सुनेला नुसत्या खुणेनं सांगितलं असतं, तरी मी स्वतः तितऱ्याला गाडीत घालून सुरतला नेऊन दिलं असतं. आणि ज्याला मी हातानं भरवलं, त्यानं... जायचं तर जायचं होतं, पण एकदा वळून तरी बघायचं.