नावापाशी थांबणारी सकीनाखाला

सकीनाखाला गेल्याचं मला बुलढाण्याला, मुलींच्या शाळेत कळलं. मी चौथीचा वर्ग घेत होते आणि दारात तिचा मुलगा हमीद येऊन उभा राहिला. रोहिणखेडहून मोटारीनं आला होता. टोपीवर, भुवयांवर रस्त्याची धूळ बसली होती. आदल्या दिवशीच दफन झालं होतं. "वच्छाताई, अम्मा गेली," तो म्हणाला, आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "पन बोलत गेली." हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र उजळला होता. ज्यांना खालाची शेवटची वर्षं ठाऊक नाहीत त्यांना हे विचित्र वाटेल… म्हणून सारं सांगायला हवं.

रोहिणखेडला जुन्या मशिदीमागच्या गल्लीत आमची घरं लागून होती. माझे वडील शाळामास्तर, खालाच्या यजमानांचं कापडाचं दुकान. खाला उर्दू वाचायची, मराठीही वाचायची, पण तिची खरी दौलत होती गोष्टी. गुरं गोठ्यात बांधून झाली की गल्लीतली सगळी पोरं तिच्या ओसरीवर जमायची; त्यात आम्ही हिंदूंची पोरंही निम्मी होतो. विहिरीत टाकलेला देखणा यूसुफ, जगबुडीत नाव बांधणारे नूह, माशाच्या पोटात अडकलेले यूनुस… हे सगळे पैगंबर आम्हाला तिच्या तोंडून वऱ्हाडी बोलीत भेटले. ते आमच्याच शिवारात कुठंतरी राहत असावेत असं मला वाटायचं.

फक्त एक अडचण होती. पैगंबराचं नाव आलं की खाला थांबायची. "अलैहिस्सलाम," म्हणजे त्यांच्यावर शांती असो, असं अगदी सावकाश म्हणायची आणि मगच पुढे जायची. तिच्या स्वतःच्या पैगंबरांचं, मुहम्मदांचं नाव आलं तर त्याहून लांब दुवा असायची आणि त्या वेळी तिचा आवाजही बदलायचा. आम्हाला धीर नसायचा. एकदा मासा तोंड उघडून आलेला आणि खाला तिथंच थांबली, तेव्हा मी चिडून विचारलं, "खाला, तू मधातच काऊन थांबून राह्यली?"

ती रागावली नाही. म्हणाली, "मोठा मानूस घरी आला तं आपन उठून उभे राह्यतो का नाही? मंग. नाव आलं म्हंजे मानूसच आला. बसल्याबसल्या कसं पुढं जाचं?"

ते उत्तर मला तेव्हा पुरलं. मोठी झाल्यावर, वडील वारले त्या वर्षी, मी पुन्हा विचारलं. सुतकाचे दिवस संपले होते आणि मी तिच्या ओसरीवर नुसतीच बसून होते. मी म्हटलं, जे इतके मोठे, देवाच्या इतके जवळ, त्यांना आपल्या दुवेची काय गरज? खाला सुपातली तूर निवडत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं, की अल्लामिया स्वतः आपल्या रसुलावर, म्हणजे पैगंबरावर, रहमत, कृपा धाडतो, फिरिश्तेही धाडतात, आणि आम्हालाही तसाच हुकूम आहे. मग आपण का मागे राहायचं? मग तिनं सूप खाली ठेवलं. "त्याहीले काई कमी नाही, वच्छे. गरज आपल्याले आहे. त्याहीनं आपल्यासाठी गोटे खाल्ले, गाव सोडलं, घरदार सोडलं. आता आपल्या हातात काय आहे? एक सलाम. तुह्या बाबाचं नाव निंगालं का तुहा गळा भरून येते ना? नाव घेऊन नुसतं पुढं जाताच येत नाही… तसंच आहे हे."

वडिलांनंतर मला रडायला आलं ते त्या दिवशी, तिच्या समोर. तोवर आलं नव्हतं.

पुढे मी शिकले, बुलढाण्याला नोकरीला लागले. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, रॉकेल-पेट्रोल मिळेना, मोटारी कमी झाल्या, आणि माझं गावी जाणं सुट्ट्यांपुरतं उरलं. अशात एका उन्हाळ्यात निरोप आला की खालाला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बुलढाण्याहून डॉक्टर नेले. त्यांनी हाताची आशा दिली, बोलण्याची दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा घर ओळखू येईना. सारे कुजबुजत बोलत होते. खाला भिंतीकडे तोंड करून पडलेली. काही सांगायला गेली की तोंडातून "ता… ता…" एवढंच यायचं आणि ती डाव्या हातानं बाज बडवायची. ओसरीवर आता पोरं येत नव्हती. तिनंच हातानं त्यांना घालवलं होतं. तिची सून नजमा मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, की अम्मी ओठांवर बोट ठेवतात, वर बघतात आणि रडतात. मरताना कलमा, अल्ला एकच असल्याची साक्ष, तोंडात यायला पाहिजे, तो आपल्याला येणार नाही, ही भीती त्यांना खाते आहे. हमीद रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी बसून विनवायचा, म्हणा अम्मा, एवढं एकच म्हणा. ती सारा जोर लावायची, कपाळावर घाम यायचा, आणि पुन्हा तेच "ता… ता…"

मी तिच्यापाशी बसले. हवापाण्याचं बोलून झालं, शाळेचं झालं. मग सांगण्यासारखं माझ्याजवळ तिचंच दिलेलं होतं, ते काढलं. तिच्याच बोलीत, तिच्याच चालीनं सांगू लागले… दर्यात वादळ उठलं, जहाज डुबून राह्यलं, लोकायनं चिठ्ठ्या टाकल्या, अन् चिठ्ठीत नाव निंगालं हजरत यूनुस…

इथं मी थांबले. मुद्दाम नव्हे. लहानपणापासून ही जागा खालाची होती. इथं मी कधी बोललेच नव्हते.

"अलैहिस्सलाम," खाला म्हणाली.

स्वच्छ, सावकाश, पूर्वीसारखं. नजमा कणकेचे हात घेऊन चुलीपासून धावत आली. सगळ्यांत जास्त दचकली ती खाला. तिनं डावा हात तोंडावर ठेवला. हमीद दुकानातून आला, पुन्हा बोला अम्मा, पुन्हा बोला म्हणू लागला, तर काहीच येईना. तिचे डोळे परत भरले. मी घाबरले, पण गोष्ट सोडली नाही. मासा आला, यूनुस त्याच्या पोटात गेले… आणि नावापाशी मी थांबले तसं ते पुन्हा आलं. आपोआप, न मागता.

तेव्हा हमीदच्या ध्यानात आलं. तो तिच्या पायथ्याशी बसला, तिच्याकडे बघितलंही नाही, आणि नमाज झाल्यावर स्वतःशी म्हणावं तसा कलमा म्हणू लागला. सुरुवातीला त्याचा एकट्याचाच आवाज होता. निम्म्यावर आला आणि त्यात दुसरा मिसळला. शेवटपर्यंत मिसळलेला राहिला. नजमा दाराला टेकून खाली बसली. खाला रडत होती, आणि आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं कधी कधी होतं. जन्मभर म्हटलेलं माणसात दुसऱ्या वाटेनं राहतं. असेल. त्यानंतर नजमानंच एक एक करून पोरांना परत बोलावलं. आता गोष्ट पोरं सांगायची, तीही चुकत, भांडत, आणि नावापाशी आली की सगळी खालाकडे बघायची. ती आपला सलाम द्यायची. हळूहळू त्या सलामांच्या मागून बाकीचे शब्द येऊ लागले. पानी. बस. नजमा. एका सुट्टीत मी ओसरी चढत होते तर आतून हाक आली, "वच्छे!" सगळं बोलणं कधीच परत आलं नाही, पण तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं नाही.

हमीद सांगत होता, खाला गेली त्या सकाळी तिची नमाज झाली, नजमाकडून पाणी मागून घेतलं, आणि मग ओठ हलत राहिले. त्यानं कान लावला तर कलमाच होता. पहिल्या शब्दापासून, कोणी सुरुवात करून न देता.

परवा रोहिणखेडला जाऊन आले. बाज उचलली होती, पण पोरं भिंतीजवळची तेवढी जागा मोकळी सोडून बसली होती. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. गोष्ट नजमा सांगत होती. लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत तोंड न उघडणारी नजमा! आवाज बारीक होता, मध्येच पदर सावरत होती. एका आईनं काळजावर दगड ठेवून आपल्या तान्ह्याला टोपलीत घातलं अन् टोपली नदीत सोडली, असं सांगत ती बाळाच्या नावापाशी आली. "हजरत मूसा…" म्हणाली आणि थांबली. सगळी पोरं थांबली. मीही थांबले.

मग नजमानंच श्वास घेतला आणि म्हणाली, "अलैहिस्सलाम." आणि टोपली पाण्यावरून पुढे निघाली.