इंदापूरचा गाळा

आमचं घर सणसरला, रस्त्याच्या कडेला. एका हाताला बारामती, दुसऱ्या हाताला इंदापूर. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील, मी ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर टाकायचं ठरवलं आणि गाळा शोधायला मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई कधी या बाजूची एस.टी. धरायचो, कधी त्या बाजूची. माझे मालक कारखान्यात कामाला होते. घरच्यांनी दुकानाला होकार दिला तो माझ्याकडे बघून. जाऊबाईंचे मालक लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते. त्यांना माझ्यासोबत नुसतं धाडलं होतं. तुम्हाला यायचंय का, असं कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

जाऊबाई पिशवीत चिंतामणी रंगाचा एक ब्लाउजपीस ठेवायच्या. गाळा दाखवला की आत उभं राहून तो हातावर पसरायच्या, मग बाहेर येऊन उन्हात बघायच्या. आत एक रंग आणि बाहेर दुसरा दिसला, तर बाई घरी जाऊन साडीला लावून बघणार आणि दुसऱ्या दिवशी पीस परत आणून टाकणार.

बारामतीत स्टँडजवळचा गाळा वर्दळीचा होता, पण शेजारी हॉटेल. भिंतीला हात लावला तर तेलकट लागली. नव्या कॉम्प्लेक्समधला गाळा मला फार आवडला. चकचकीत फरशी, नवं शटर. पण तोंड पश्चिमेला. "दुपारचं ऊन सगळं मांडणीवर. लालाचा गुलाबी हुईल," जाऊबाई म्हणाल्या. तिसऱ्या गाळ्यात दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागायची. गाळ्यांचे मालक आधी आमच्या मागं बघायचे. "संगं कोण पुरुषमाणूस न्हाय व्हय?"

इंदापूरच्या गाळ्याचं आम्हाला एका पाहुण्यानं सांगितलं. बाजारपेठेतून आत वळलेल्या गल्लीत, उत्तरेला तोंड. मागे मालकाचं घर. मालक म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणायचे; धोतर, टोपी, अंगात बंडी. त्यांनी कुलूप काढलं. गाळा बंद होता असं वाटेचना. फरशी पुसलेली, भिंतीला काचेच्या फळ्या, एक मोठा आरसा, उदबत्तीचा वास. पूर्वी तिथं बांगड्यांचं दुकान होतं म्हणाले.

जाऊबाईंनी पीस पसरला, बाहेर नेला, परत आत आणला. "रंग हलत न्हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"तात्या, आमाला पसंत हाय," मी म्हटलं.

"पोरीचं दुकान हाय," तात्या म्हणाले. "तिला इचारून सांगतो. बसा तुमी."

ते मागच्या दारानं घरात गेले. आम्ही पायरीवर बसलो. समोर पिठाची गिरणी होती. तिथली बाई पदरानं हात झटकत आमच्याकडे आली.

"गाळा बघाया आलासा? काय म्हणलं तात्या?"

"पोरीला विचारून सांगतो म्हणाले."

बाईनं मागं वळून पाहिलं. "पोरगी कावीळ होऊन गेली. दोन उन्हाळं झालं. नवऱ्यानं टाकली हुती, तवा तात्यानं हे दुकान घालून दिलं. लई जणं आली गाळा बघाया. हे असंच आत जात्यात, भाईर येऊन न्हाय म्हणत्यात."

मी जाऊबाईंचा हात धरून उठवायला लागले. त्या उठल्या नाहीत. तेवढ्यात तात्या आले.

"व्हय म्हणाली," ते म्हणाले. त्यांनाच नवल वाटल्यासारखं. "फकस्त आरसा हालवू नका म्हणती."

"न्हाय हालवत," जाऊबाई म्हणाल्या. आणि गाळा ठरला.

दुकान चाललं. बाजाराच्या दिवशी तर बसायला जागा नसायची. पण दुपारी, जेवणं झाल्यावर, गल्ली सामसूम व्हायची आणि तात्या मागच्या दारात येऊन उभे राहायचे.

"हाय का ती?"

"हाय, तात्या," जाऊबाई हातातलं काम न सोडता म्हणायच्या. "बसलीया."

तात्या मान हलवून परत जायचे. मी जाऊबाईंना एकदा म्हटलं, "म्हाताऱ्याला कशाला नादी लावता?" त्या घड्या घालत राहिल्या. मी आरशाकडे पाठ करून बसायला लागले.

एकदा जाऊबाई माहेरी निरवांगीला गेल्या होत्या. मी एकटीच होते. दुपारी डबा खायला मागच्या अंगणात गेले, दुकान उघडंच होतं. खाऊन आले आणि थोड्या वेळानं नरसिंहपूरकडची एक बाई आली. हातात मोरपंखी साडी आणि तिच्या जोडीचा पीस.

"आजून एक द्या असाच. मगाशी त्या दुसऱ्या ताईनं काढून दिला. पैसं घेतलं न्हाईत. ताई आली की द्या म्हणाली."

"कुठली ताई?"

"हितंच हुती की. उंच, अंगानं बारीक. कोपरापतुर हिरवा चुडा."

जाऊबाई ठेंगण्या, आणि त्यांचे हात कित्येक वर्षं मोकळेच होते. मी बाईला पीस कसा दिला, शटर कसं ओढलं, मला आठवत नाही. ऊन डोक्यावर असताना मी स्टँडवर सणसरच्या गाडीची वाट बघत उभी होते.

जाऊबाई परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रंग बराबर लागला हुता का?"

"अहो, काय विचारताय हे!"

"लागला हुता का पण?"

लागला होता. मोरपंखीत चार छटा असतात आमच्याकडे, आणि तिनं अगदी नेमकी काढली होती.

त्यानंतर मला तिथं बसवेना. माझ्या मालकांनी बारामतीत दुसरा गाळा पाहिला, त्याच नव्या कॉम्प्लेक्समध्ये, पण उत्तरेच्या बाजूचा. आम्ही दोघी तात्यांना सांगायला गेलो. ते ओट्यावर बसले होते, खूप थकले होते.

"तात्या, आमी गाळा सोडतोय," मी म्हटलं.

"तिला इचारतो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. मग जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "जित्ती हुती तवा कायबी इचारलं न्हाय. लगीन ठरवलं, न्हाय इचारलं. परत आणली, न्हाय इचारलं. दुकानबी माझ्याच मनानं घातलं. आता समदं इचारतो."

जाऊबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. त्यांचा आवाज इतका मोकळा मी घरात कधी ऐकला नव्हता.

"तात्या, माझंबी तिला इचारा. मी ऱ्हाऊ का हितं?"

तात्या भिंतीला धरून उठले, गाळ्यात गेले. आतून काही ऐकू आलं नाही. ते बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते.

"ऱ्हा म्हणाली."

घरी मोठा गदारोळ झाला. एकटी बाई, परगाव, लोक काय म्हणतील. आठवड्याच्या आत जाऊबाईंनी तात्यांच्या मागच्या खोलीत आपली पेटी नेऊन ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. त्यांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला होता. त्यानं जाऊबाईंना गाळ्यात तसंच राहू दिलं.

माझं बारामतीचं दुकान बरं चाललं. मी अधूनमधून माल घेऊन इंदापूरला जायची आणि दुपारच्या आत निघायची. एकदा गाडी चुकली आणि थांबावं लागलं. गिरणी बंद झाली, गल्ली सामसूम झाली. मी दाराशी अंग चोरून बसले. काही झालं नाही. जाऊबाई आत सतरंजीवर हात उशाशी घेऊन गाढ झोपल्या होत्या. सासरी इतक्या वर्षांत त्यांना दुपारी आडवं झालेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.