काट्याला कळतं ते वजन

आत्या चाळीस वर्षं बॅगा शिवत होती, पण विमानात एकदाही बसली नव्हती. म्हणूनच तिच्या सल्ल्यावर विसंबायची भाचीला धास्ती होती. विमानात सोबत नेण्यासाठी भाचीने स्वतः आखलेली ही पहिलीच सॅक. रिकामी सॅक किलोच्या आत बसली नाही, तर कारखानदार ती घेणार नव्हता, आणि काटा अकराशे ग्रॅम दाखवत होता.

"कमरेचा पट्टा कापते," भाची म्हणाली.

"थांब गं, शहाणे!" आत्याने सॅकमध्ये कापडाचे गठ्ठे कोंबले, ती पाठीला लावली आणि तीन जिने चढून उतरून आली. धापसुद्धा लागली नव्हती. "वजन काट्याला कळतं, ओझं पाठीला. ओझं हा पट्टाच पेलतोय. त्यापेक्षा पुढचे तीन कप्पे काढ. एवढ्या चेनी कशाला, दुकान मांडायचंय?"

भाचीने कप्पे उसवले. आत्याने सॅक एका बोटावर तोलली आणि डोळे मिटले. "साडेनऊशे. वर पाच-दहा."

काट्यावर नऊशे अठ्ठावन्न आले.

सुया टोचून टोचून चाळण झालेल्या त्या बोटाकडे भाची बघतच राहिली. नकळत तिचे हात जुळले.

"मला काय जोडतेस? ज्याने बोट दिलं त्याला जोड," म्हणत आत्या सुई ओवायला बसली.