खडूची खूण

स्नेहलने सईला एकच गोष्ट नीट शिकवली होती. दारावर थाप पडली, कुणी नावाने हाक मारली, तरी ओ द्यायची नाही. घरात कोणी नाहीच, असं बसायचं.

सई चार वर्षांची. सुदुंबऱ्याजवळच्या त्या वाडीत कंपनीची बस सकाळी सातला यायची, अंगणवाडी उघडायची दहाला. नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. सुरुवातीला स्नेहल पोरीला शेजारच्या शालूबाईकडे ठेवायची. "पोरं काढायची तुमी आन् ढुंगान धुवायचं आमी, व्हय?" हे एकदा ऐकलं आणि तिने बाजारातून कुलूप आणलं. दहीभात कालवून ठेवायचा, पाण्याचा तांब्या भरायचा, चुलीपाशी फिरकू नको म्हणून दटावायचं आणि बाहेरून किल्ली फिरवायची. दिवसभर मशीनपुढे तिचे हात चालत, डोक्यात कुलूप लटकत राही.

अशात एक संस्था पाळणाघर काढणार अशी बातमी आली. इथे काढायचं की पलीकडच्या गावात, हे पाहणीवर ठरणार होतं. जिथे कामावर जाणाऱ्या आया जास्त, तिथे.

एका रविवारी तळेगावची अनुष्का घरांची यादी करायला आली. कॉलेजात शिकणारी, चुणचुणीत.

"समद्यांना इचारनार न्हाई?" शालूबाईने विचारलं.

"नाही मावशी. शितावरून भाताची परीक्षा. चिठ्ठी काढली, तिसरं घर निघालं. तिथून पुढे दर पाचवं."

निवडलेल्या दारांवर तिने खडूने खूण केली. एक खूण स्नेहलच्या दारावर पडली. स्नेहलने मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

"ताई, इचारायला रविवारीच या. एरवी मी कामावर असते."

"रविवारी आम्हाला सुट्टी असते हो मावशी. आज यादीपुरती आले." अनुष्का तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. "घर बंद दिसलं तर पुन्हा येऊ. तीनदा येतो आम्ही."

ती तीनदा आली. तिन्ही वेळा भर दुपारी.

शेवटच्या दिवशी स्नेहलने कामावरून येऊन कुलूप काढलं तेव्हा सई दारातच उभी होती, फुशारकीने. "आई, ताई आलती. लय हाका मारल्या. खिडकीतनं बी बगितलं. मी पलंगाखाली बसले. बोललेच न्हाई!"

स्नेहलने तिच्या थोबाडीत मारली. जोरात. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. सांगितलेलं ऐकलं, मग मार कशाचा, हे तिला कळेना.

बाहेर शालूबाई सांगत होती, "तुझ्याऐवजी माझं नाव घेतलं बाई त्या पोरीनं. चा पाजला. म्हनलं, आमच्यातल्या बाया घरातच असत्यात."

महिन्याभराने, रविवारीच, संस्थेचे राजेंद्र सर देवळापुढे निकाल सांगायला आले. ह्या वाडीत कामावर जाणाऱ्या आया फार थोड्या आढळल्या. पाळणाघर पलीकडच्या गावाला.

सकाळी त्याच बसला तिच्याबरोबर चढणाऱ्या बाया मान खाली घालून बसल्या होत्या. स्नेहल उठली. "सर, ज्या घरांना कुलपं व्हती त्यांचं काय?"

"त्यांच्याऐवजी शेजारची घरं घेतली. संख्या पूर्ण आहे."

"पन सर, कामाला गेलेल्या बाईचंच घर बंद असतं. शेजारी सापडनार ती घरात बसलेलीच की."

सरांनी अनुष्काकडे पाहिलं. अनुष्काने कागद चाळले. मग सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, एका घराने असा काही फरक पडत नसतो."

"घरात ऱ्हायली असतीस तर सापडली असतीस," शालूबाई म्हणाली. लोक हसले. त्या बसमधल्या दोघी-तिघीही हसल्या, आणि ते स्नेहलला जास्त लागलं.

सोमवारी सकाळी तिने दहीभात कालवला, तांब्या भरला. खडूची खूण पुसट झाली होती, तरी दिसत होती. तिने दार ओढून घेतलं. फटीतून सईने विचारलं, "आई, कुनी आलं तर ओ द्यायची का न्हाई?" विचारताना तिने गालावर हात धरला होता.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"न्हाई," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.