काजळी घे

प्रेसमध्ये त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. छपाईआधी पुस्तकातल्या चुका शोधायच्या हे त्यांचं काम, आणि चाळीस वर्षं तेच करून नजर अशी झालेली की लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासणार, मग लग्न कोणाचं ते बघणार. शेकडो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांतल्या एकाची गोष्ट विचारा, सांगता यायची नाही. गोष्ट वाचायला लागलं की चुका निसटतात, असं ते नवीन आलेल्यांना ठणकावून सांगत, आणि वर मिशीत हसत.

म्हणूनच त्या सोमवारी सकाळी एका कादंबरीच्या बाविसाव्या पानावर काकांचं घोडं अडलं, तेव्हा समोर टाइप करणाऱ्या बाईला नवल वाटलं. कादंबरी एका नावाजलेल्या लेखिकेची होती. ही लेखिका रद्दीच्या दुकानांतून लोकांच्या जुन्या डायऱ्या, पत्रं शोधून आणायची आणि त्यांवरून लिहायची. काकांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, असं त्यांचं मत. या कादंबरीतली बाई वारलेल्या नवऱ्याला रोज वहीत पत्र लिहायची. बाविसाव्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘तब्येतीची काजळी घे. माझी काजळी करू नकोस.’

लाल पेन आपोआप खाली आलं आणि कागदाला टेकायच्या आधीच थांबलं. काळजीला काजळी लिहिणारं माणूस काकांनी जन्मात एकच पाहिलं होतं. त्यांची ताई.

ताई लग्न होऊन लांब गेली तेव्हा काका बावीस वर्षांचे होते. नुकतेच प्रेसला चिकटले होते आणि लाल पेन डोक्यात गेलं होतं. ताईची शाळा अर्ध्यातच सुटलेली. तिचं पहिलं पत्र आलं ते चुकांसकट. यांनी काय करावं? ते पत्र लाल शाईनं तपासलं, काजळीवर गोल केला, समासात काळजी लिहिलं आणि तेच पत्र पाकिटात घालून परत धाडलं. स्वतःची एक ओळ नाही. तेव्हा ती मोठी गंमत वाटली होती. ताई त्यांना शहाण्या म्हणायची ते काही उगाच नाही. अशी चार पत्रं गेली-आली. पाचवं आलं तेव्हा शाळेच्या पुस्तकांची घाई चालली होती. उद्या बघू म्हणून ते खणात पडलं आणि पडूनच राहिलं. सहावं पत्र आलं नाही.

पुढं कार्यप्रसंगी भेटी झाल्या, तब्येतपाण्याचं बोलणं झालं. पत्रांचा विषय दोघांनीही काढला नाही. आपण लाल शाईनं ताईचं तोंड बंद केलं, हे मात्र काकांच्या मनात सलत राहिलं. विचारू विचारू म्हणता दोन वर्षांपूर्वी ताई गेली. भावोजी लेकीकडे राहायला गेले, तेव्हा घर रिकामं केलं. कागदपत्र त्यातच रद्दीत गेले असणार.

त्या दिवशी काकांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चहावर साय धरली. चष्मा तीनदा पुसला. दोनदा उठून खिडकीशी गेले, तिथं काही काम नव्हतं म्हणून परत आले. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं: अख्खी कादंबरी गोष्टीसाठी वाचून काढली. ते त्यात स्वतःला शोधत होते. आपल्याबद्दल ताईनं काही लिहिलं असेल, चार शिव्या का होईनात. पण कादंबरीत भाऊ नव्हताच. एक अख्खं प्रकरण होतं ‘काजळीचे दिवस’ नावाचं, आणि त्यात मनातली चिंता दिव्याच्या काजळीसारखी कशी धरते, यावर लेखिकेनं चार पानं खर्ची घातली होती. अहो बाई, चूक आहे ती, साधी चूक, असं काका मोठ्यानं म्हणाले आणि टाइपवाली बाई दचकली.

संध्याकाळी घरी येरझारा चालूच. आज कुठं मुंग्या चावतायत का, असं बायकोनं विचारलं. काका आठवत होते, त्या चार पत्रांत ताईनं लिहिलं काय होतं? घर कसं होतं, सासू कशी होती, तिला करमत होतं का? काहीच आठवेना. तिसऱ्या पत्रात ‘तु’ ऱ्हस्व पडला होता, एवढं लख्ख आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मंगळवारी प्रेसला न जाता ते कादंबरीच्या कच्च्या प्रती बगलेत मारून लेखिकेच्या दारात उभे राहिले. तिसरा मजला, सोफ्यावरसुद्धा वह्यांचे गठ्ठे. बसायला जागा करून देत ती सांगू लागली की कोऱ्या कागदापुढं तिला काही सुचत नाही, कुणाच्या तरी जुन्या अक्षरात जीव असतो. काकांनी ते ऐकलंही नाही.

“यातला भाऊ कुठंय?” ते म्हणाले.

लेखिकेनं चमकून वर बघितलं. भाऊ होता हे तुम्हांला कसं कळलं, असं तिनं विचारलं. मग तीच म्हणाली, “काढून टाकला मी त्याला. सगळी वही त्यालाच लिहिलीय. पण इतकी वर्षं एकदाही उत्तर न देणारा भाऊ वाचकांना पटला नसता, काका. म्हणून मेलेला नवरा केला.”

काकांनी हात पुढं केला. तिनं कपाटातून जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही काढून दिली. अक्षर ताईचंच, उजवीकडे झुकलेलं. पहिल्या पानावर होतं:

‘चि. शहाण्या, पाचवं पत्र परत आलं नाही. या खेपेला चूक सापडली नाही की काय? पण काजळी तर मी मुद्दाम लिहिली होती. दुसऱ्या पत्रापासूनच मला बरोबर लिहिता येतं. पण बरोबर लिहिलं तर तू परत कशाला धाडशील? तुझ्या हातचं तेवढंच तर येतं. तू कामात असशील. आता तुला त्रास देत नाही, वहीतच लिहिते. सवड झाली की तपास. तब्येतीची काजळी घे.’

काकांनी ते पान दोनदा वाचलं. लाल शाईनं ताई कधी दुखावलीच नव्हती. ती लाल शाईची वाट बघत बसली होती. पाचवं पत्र अजूनही त्यांच्या जुन्या टेबलाच्या खणात असेल, या विचारानं त्यांना रडू कोसळलं. लेखिकेनं पाणी आणून ठेवलं. वही कोणाची, हे तिला आता विचारावं लागलं नाही. पुस्तकातल्या काजळीचं काय करायचं, एवढंच ती हळूच म्हणाली.

काकांनी प्रती काढल्या, बाविसाव्या पानाच्या समासात ‘आहे तसे ठेवा’ लिहिलं आणि गठ्ठा तिच्या हातात दिला. मग वही मांडीवर घेऊन लाल पेनाचं टोपण काढलं. पहिल्या पानावरच्या शेवटच्या काजळीला गोल केला, समासात काळजी लिहिलं. खाली थोडी जागा होती. तिथं त्यांनी लिहिलं, ‘ती. ताईस सा. नमस्कार. पत्र पोचलं.’

पोचलं की पोहोचलं, ते त्यांनी तपासलं नाही.