हैदराबाद ते मुंबई, विमानानं

त्या माणसावर मी सूड उगवला आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं. आम्ही भूमजवळच्या खेड्यातले. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला हैदराबादेत नोकरीला असलेला एक कारकून आला होता. नाव, स्वयंपाक, शिवणटिपण विचारून झालं. मग पायावर पाय टाकून तो म्हणाला, "हैदराबादेहून मुंबई विमानानं किती लांब? टाइम किती लागतो? मी जाऊन आलोय, म्हणून विचारतो."

आम्हाला अंतर ठाऊक ते बैलगाडीचं. अक्कानं मान खाली घातली. तो हसला, चहा संपवला आणि निघून गेला. नुसता गेला असता तरी चाललं असतं. पण भूमच्या बाजारात त्यानं "पोरगी लई अडाणी" म्हणून ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. पुढची दोन स्थळं आलीच नाहीत. अक्कानं चारचौघांत जाणं सोडलं. मी आतल्या आत धुमसत राहिले.

हैदराबादच्या विमानतळावर आमचे मामा सामान चढवायच्या कामाला होते. दिवाळीला आले तेव्हा मी त्यांना खोदून खोदून विचारलं. मैल किती, तास किती, वाटेत कुठं उतरतं का, पेट्या कोण तपासतं. अक्का शेजारी ज्वारी निवडत होती. तिचं लक्ष नसावं असं मला वाटलं.

दीड वर्ष गावोगाव पोरी नाकारत हिंडून तो कारकून पुन्हा आमच्याच दारात आला, या खेपेला मला बघायला. निरोप आला तेव्हा आमचे वडील, दादा, भडकले होते. मीच म्हणाले, "यीवू द्या, दादा. मलाच त्याला बघायचंय."

सतरंजीवर भावकीतली माणसं बसली होती. त्यानं तोंड उघडायच्या आत मी विचारलं, "तुमी विमानात बसलाय म्हणं?"

"तर! दोन बार."

"मंग मुंबईला जाताना करोडगिरीच्या नाक्यावर पेटी उघडाया लावली आसंल?"

हा नाका म्हणजे निजामाच्या हद्दीवरची जकात चौकी. हद्दीपलीकडं बार्शीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथं थांबावंच लागे, शिपाई गाठोडी उसकटून बघत. नाका टाळून हद्द ओलांडता येते हे आमच्याकडं कुणाच्या मनातही येत नसे. त्याच्याही आलं नाही.

"लावली की," तो म्हणाला. "विमान खाली उतरवलं, समद्यांला रांगंत हुभं केलं. आपली वळख हाय, मला लगी सोडलं."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्या नाक्यावर एक खोली, एक लिंबाचं झाड आणि भोवती नुसता खडक. आमचे चुलते सावकाश म्हणाले, "पाव्हणं, तितं माजी बैलगाडी वळत न्हाय. तुमचं विमान कसं उतरलं?"

जो हशा पिकला, तो मी पोटभर ऐकला. कारकून लालबुंद होऊन टोपी शोधायला लागला.

ती टोपी घेऊन अक्का आतून आली. दीड वर्षात पहिल्यांदाच ती परक्या माणसांपुढं मान वर करून उभी राहिली. टोपी त्याच्या हातात देत म्हणाली,

"चारशे मैलाच्या आतबाहीर. अडीच तास. आन् मधी नाका लागत न्हाय."